'की' चं रशियन करायचंय? आधी मराठी करा

रानडे इन्स्टिट्यूटमधे रशियन शिकायला येणाऱ्या ज्युनियर लोकांना माझं एकच सांगणं असतं, इंग्लिश शब्द दिसला की डिक्शनरीतला पहिला अर्थ उचलून चिकटवू नका. आता 'की' च घ्या (आपला 'की' नाही, इंग्लिशवाला). आधी अख्खं वाक्य वाचा आणि मनात मराठी करा, म्हणजे घराची किल्ली का कीबोर्डचं बटण का गाण्याची पट्टी ते तिथंच कळतं, आपल्याकडे शब्द वेगळे आहेत ना, मग फायदा घ्यायचा. किल्ली असेल तर 'क्ल्यूच', कीबोर्डची किंवा पियानोची असेल तर 'क्लाविशा', पट्टी असेल तर 'तनाल्नस्त'.

मग मल्टीट्रान (ऑनलाइन डिक्शनरी) उघडा, तिथं अर्थ विषयवार लावलेत, आपल्या विषयाच्याच ओळीत बघायचं, इकडेतिकडे नाही.

आणि शेवटी उलटं करून बघाच, रशियनमधून परत. हे कोणी करत नाही आणि इथेच गंडतं, कारण क्ल्यूच म्हणजे नुसती किल्ली नाही, गॅरेजवाल्याचा पाना पण क्ल्यूच, जमिनीतून फुटणारा झरा पण क्ल्यूच, आणि वेस्टर्न म्युझिकच्या नोटेशनच्या सुरवातीला ते वेटोळं असतं ना, क्लेफ, तो पण क्ल्यूचच! त्यामुळे पट्टीसाठी क्ल्यूच लिहिलंत तर वाचणारा भलतंच समजणार. मी पहिल्या वर्षी हेच केलेलं, मॅडम म्हणाल्या, "गाणं कुठल्या झऱ्यात म्हणायचंय?"