प्रकाशवेगाच्या यंत्राचा आराखडा कसा तपासावा

ठाण्यातील आमच्या विज्ञान मंडळात शालेय प्रदर्शनाची तयारी सुरू झाली, की एखादा तरी विद्यार्थी प्रकाशाचा वेग गाठणाऱ्या यंत्राचा आराखडा घेऊन येतोच. तो ‘अशक्य’ म्हणून कधीही परत करू नये. तो नेमका कोठे अडतो हे आकड्यांनिशी शोधायला लावावे. तपासणीची सुरुवात मात्र सापेक्षतेपासून नव्हे, तर साहित्यापासून करावी, कारण बहुतेक यंत्रे वस्तुमान असलेली वस्तू प्रकाशाचा वेग गाठू शकत नाही हा आइन्स्टाइनचा नियम आड येण्याच्या कितीतरी आधीच मोडतात.

सर्वांत जास्त वेळा येणारा आराखडा दंतचक्रांच्या साखळीचा असतो. हँडल सेकंदाला एक फेरा घेते, प्रत्येक टप्प्यावर फेरे दहापट होतात, आणि असे आठ टप्पे जोडले की ५० सेंमी त्रिज्येच्या शेवटच्या चाकाची कड सेकंदाला सुमारे ३१ कोटी ४० लाख मीटर धावते. प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो, म्हणजे कागदावर तरी यंत्र जिंकले! येथे पहिला प्रश्न जडत्वाचा विचारावा. फेरे जितक्या पटीने वाढतात, तिच्या वर्गाइतक्या पटीने शेवटच्या चाकाचे जडत्व हँडलवर येते. आठ टप्प्यांत ही पट १ वर १६ शून्ये इतकी होते. नववीतील एका मुलीने प्लॅस्टिकच्या चाकांचे तीनच टप्पे जोडले होते. शेवटचे चाक सुटे असताना बोटाच्या टिचकीने गरगर फिरत होते, पण साखळीत बसवल्यावर हँडल जागचे हलेना, आणि जोर लावताच पहिल्याच चाकाचे दोन दाते तुटून टेबलावर पडले. त्या दोन दात्यांनी तिला जे शिकवले, ते मला फळ्यावर शिकवता आले नसते. ते दाते तक्त्यावर चिकटवायला मी तिला आवर्जून सांगितले.

दुसरा प्रश्न ताणाचा आहे. फिरणाऱ्या पातळ कडीतील ताण म्हणजे घनता गुणिले कडेच्या वेगाचा वर्ग. या सूत्रात त्रिज्या येत नाही, त्यामुळे चाक मोठे केल्याने सुटका होत नाही. २०० कोटी पास्कल ताण सोसणारे उत्तम पोलाद आणि त्याची दर घनमीटरला सुमारे ७,८५० किलो घनता घेतली, तर कडी सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास फाटते. प्रकाश तिच्या सहा लाख पट पुढे असतो.

लांब दांडा ढकलून क्षणात संदेश पोहोचवण्याची कल्पना असेल, तर पोलादातून धक्का ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ५ किमी जातो हे लक्षात आणून द्यावे. ठाण्यापासून वाशीच्या दिशेने १५ किमी लांबीचा दांडा ठेवला, तर दुसरे टोक तीन सेकंदांनी हलेल. प्रकाशाला तेवढ्या अंतरासाठी एका सेकंदाचा वीस हजारावा भाग पुरतो.

या चाळणीतून उरलेल्या आराखड्यांनाच सापेक्षतेच्या सूत्राने ऊर्जेचा हिशेब लावावा. १ किलो वस्तूला प्रकाशाच्या निम्म्या वेगापर्यंत नेण्यास, काहीही वाया न जाता, सुमारे ३८६ कोटी युनिट वीज लागते. ९० टक्के वेगाला सुमारे ३,२३० कोटी आणि ९९ टक्क्यांना सुमारे १५,२०० कोटी युनिट. म्हणजे वाढ नऊ टक्क्यांची आणि खर्च जवळजवळ पाचपट. जिनिव्हाजवळ सर्न या संशोधन संस्थेच्या २७ किमी घेराच्या त्वरकात, म्हणजे कणांचा वेग वाढवणाऱ्या यंत्रात, ६.८ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांच्या ऊर्जेचे एकक) ऊर्जेचा प्रोटॉनदेखील प्रकाशापेक्षा सेकंदाला सुमारे ३ मीटर मागेच राहतो, आणि तो तर अणूहूनही सूक्ष्म कण आहे.

हे आकडे विद्यार्थ्याने स्वतः काढून तक्त्यात मांडावेत. शंभर टक्के वेगाचा रकानाही आखावा, परंतु त्यात आकडा भरू नये. ‘येथे सूत्रातील भाजक शून्य होतो’ एवढेच लिहावे.