नागपुरात घर बांधताय? नकाशा आणि बजेट वेगवेगळं करू नका, आणि या चुका टाळा

प्लॉटची रजिस्ट्री झाली की पहिला प्रश्न ठरलेला: "काय रेटनं बांधून देता?" ठेकेदार एक आकडा सांगतो, आपण त्याला फुटांनी गुणतो, आणि आलेली रक्कम बँकेत, घरात, सासुरवाडीत सगळीकडे फिरू लागते. नकाशा त्यानंतर येतो. त्या नकाशात आईची देवघराची इच्छा, मुलांची वेगळी खोली, दोन गाड्यांचं पोर्च असं सगळं बसतं, पण बजेटचा आकडा मात्र जुनाच राहतो. स्लॅब पडेपर्यंत कोणाला काही जाणवत नाही. प्लास्टर सुरू झालं की चणचण लागते, आणि मग कात्री नको तिथे चालते.

नकाशा आणि बजेट एकाच टेबलावर, एकाच वेळी व्हायला हवं. नकाशातल्या प्रत्येक रेषेला किंमत असते, आणि नागपूरच्या मातीत आणि उन्हात काही रेषांना जरा जास्तच असते.

फुटाच्या रेटमध्ये काय नाही, ते आधी विचारा

समजा ३० बाय ५० चा प्लॉट आहे, खाली ९०० फूट बांधकाम आणि रेट २,००० रुपये ठरला. झाले १८ लाख. आता ठेकेदाराला विचारा: कंपाउंड वॉल यात आहे का? गेट? बोअर आणि मोटर? जमिनीखालची टाकी, सेप्टिक टँक? मुरुमाची भराई? वरच्या टाकीचं स्टँड, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, किचनच्या ट्रॉल्या, मीटर, नकाशा मंजुरीचं शुल्क, आर्किटेक्टची फी? यातल्या बऱ्याच गोष्टींना "ते वेगळं" असंच उत्तर मिळेल. फसवणूक होते असं नाही, धंद्याची रीतच ती आहे. पण हे "वेगळं" कागदावर मांडलं नाही तर १८ लाखांचं घर १८ लाखांत होत नाही.

दुसरा प्रश्न फूट मोजण्याचा. पोर्च पूर्ण धरणार की अर्धं? बाल्कनी, जिना, मुमटी म्हणजे गच्चीवरची जिन्याची खोली? स्लॅबच्या कडेपासून माप की भिंतीपासून? १०० फुटांचा फरक पडला तर वरच्या हिशेबात दोन लाख इकडचे तिकडे होतात. करारात एक ओळ लिहून घेतली की हा वाद संपतो.

जोतं कशाच्या मानानं उंच?

नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. गेल्या काही वर्षांत शहरात सिमेंट रस्ते झाले आणि कितीतरी जुन्या वस्त्यांत रस्ता वर आणि अंगण खाली अशी गत झाली. पावसाचं पाणी गेटमधून थेट आत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा जोत्याच्या दोन-तीन फुटांनी कोणाचं काय वाचलं हे सगळ्यांनी पाहिलं.

नवीन लेआउटमध्ये समोर आज कच्चा रस्ता असतो. ठेकेदार त्या रस्त्यापासून माप धरतो. उद्या तिथे गिट्टी, मग डांबर, मग सिमेंट येणार, हे धरून चाला. जवळच्या पक्क्या रस्त्याची पातळी घ्या आणि त्याच्या वर जोतं ठेवा. पार्किंगचा उतारही त्याच मापानं काढा.

याचा खर्च किती? ९०० फुटांच्या घरात अडीच फूट भराई म्हणजे २,२५० घनफूट; १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे साडेबावीस ब्रास. मुरूम पाणी मारून दाबला की खाली बसतो, म्हणून २७-२८ ब्रास मागवावा लागतो. बऱ्याच करारांत जोत्याची उंची एका मर्यादेपर्यंतच धरलेली असते. वरचा प्रत्येक फूट तुमच्या खिशातून. पैसे नाहीत म्हणून जोतं अर्धा फूट खाली घेण्यापेक्षा टाइल्स साध्या घ्या. टाइल्स दहा वर्षांनी बदलता येतात.

काळी माती, आणि "आपल्याकडे इतकाच पाया खणतात"

बेसा, हुडकेश्वर, वाठोडा या बाजूंना बऱ्याच प्लॉटवर काळी माती लागते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा दिसतात. अशा मातीत पाया वरच्या थरात टेकवला की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, दरवाजा चौकटीत अडकायला लागतो. वरून पुट्टी भरून ती बुजत नाही.

शेजाऱ्यानं पाच फूट खणलं म्हणून आपणही पाच, हे चुकीचं. प्लॉटवर दोन ठिकाणी खड्डा खणून मुरूम किंवा खडक किती खोल आहे ते पाहा आणि मगच इंजिनिअरकडून पायाचं डिझाइन घ्या. काळी माती खोलवर असेल तर पाईल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) टाकायचे की खणून मुरमापर्यंत जायचं हे तो ठरवेल. खोदलेली काळी माती पुन्हा जोत्यात भरायची नाही, ही अट करारात टाका, आणि भराईच्या दिवशी कोणीतरी घरचं माणूस उभं ठेवा. उरलेली माती उचलून नेण्याचा ट्रॅक्टरचा खर्चही "वेगळ्या"तच येतो.

भेग पडलेलीच असेल तर घाईनं भरू नका. भेगेवर पेन्सिलनं आडव्या खुणा करून तारीख लिहा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. भेग वाढत असेल तर गवंड्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. दरम्यान घराभोवती तीन-चार फुटांची सिमेंटची पट्टी बाहेरच्या उतारानं करून घ्या, म्हणजे पायाशी पाणी मुरणार नाही.

ऊन कुठून येतं?

नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन नवतपात, दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. त्या वेळी भिंतींना फारसं ऊन लागत नाही. सगळा मारा गच्चीवर. दुपार कलली की पश्चिमेची भिंत तापते आणि रात्री दहापर्यंत उष्णता आत सोडत राहते.

म्हणून खोलीची उंची दहाऐवजी अकरा फूट करण्यात पैसे घालण्याऐवजी गच्चीत घाला, असं माझं मत आहे. विटांच्या तुकड्यांचा कोबा नीट उतारानं करायचा आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे. घर बांधून झालं आणि वरचा मजला भट्टीसारखा तापतो अशी तक्रार असेल, तरीही हाच उपाय. तोपर्यंत निदान उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारा.

पश्चिमेला जिना, बाथरूम, स्टोअर अशा खोल्या घ्या, म्हणजे ऊन त्या झेलतात. इथे वास्तूवाले अडवतात, कारण त्यांच्या मते मोठी बेडरूम नैर्ऋत्येला हवी. घरातल्या मोठ्यांचा आग्रह असेल तर तंटा करू नका. त्या खोलीची पश्चिमेची भिंत ९ इंची ठेवा, खिडकी पश्चिमेऐवजी दक्षिणेला घ्या. जागा असेल तर बाहेर कडुलिंब लावा.

मुमटी शक्यतो गच्चीच्या उत्तरेकडे घ्या. पुढे सोलर बसवलं तर तिची सावली पॅनेलवर पडणार नाही. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यावरच्या सिस्टिमला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि ३ किलोवॅटला साधारण ३०० फूट मोकळी गच्ची लागते. गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाईप प्लास्टरच्या आधीच टाकून ठेवा.

कूलर नकाशात नसतो

नागपुरात घर बांधतात आणि नकाशात कूलर कुठेच नसतो, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. मार्च संपत आला की कॉलनीत ग्राइंडरचा आवाज सुरू होतो. दोन वर्षांपूर्वी हौसेनं बसवलेली तीन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी, बाहेरून वेल्ड केलेली पक्की ग्रील, आणि आता कूलरचं तोंड आत घ्यायला तीच ग्रील कापणं चाललेलं. मग लोखंडी स्टँड, त्याखाली विटा, बाथरूममधून ओढलेली पाण्याची नळी, आणि हॉलच्या बोर्डातून खिडकीबाहेर काढलेली वायर. ओल्या जागेवर लोखंडी कूलर आणि अर्थिंग नसलेली वायर, यात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात.

नकाशावरच ठरवा: कूलर कोणत्या खिडकीत? उत्तर किंवा पूर्व बरी, कारण पश्चिमेच्या उन्हात टाकीतलं पाणी तापतं. त्या खिडकीची ग्रील खालच्या भागात उघडणारी करा. बाहेर खिडकीच्या उंचीवर छोटा सिमेंटचा ओटा, जवळ एक नळ, खाली पाणी जायला नाली, आणि अर्थिंगसह वेगळा पॉइंट. साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या बाजूला सोडलेल्या मोकळ्या पट्टीत, कूलर दोन-अडीच फूट जागा खातो, तिथून स्कूटर न्यायची असेल तर तेही मोजा. वरच्या मजल्यावर यासाठी बाल्कनी किंवा रुंद छज्जा लागेल.

आणि हवा बाहेर कुठून जाणार? कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. समोर वाट नसेल तर तासाभरात खोलीत चिकचिक होते. समोरासमोर खिडकी नसेल तर दारावर झडप ठेवा. जिना घराच्या आतून असेल तर मुमटीची खिडकी उघडी ठेवली की दमट हवा वर निघून जाते. हा सगळा खर्च प्लास्टरच्या आधी फार नाही. नंतर तोडफोड करून केला तर दुप्पट पडतो आणि टाइल फुटते ती वेगळीच.

जिना, आणि वरचा भाडेकरू

जिन्याला जागा किती लागते हे गुणून पाहणारे थोडे. मजल्याची उंची स्लॅब धरून साडेदहा फूट म्हणजे १२६ इंच. सात इंचाची पायरी धरली तर १८ पायऱ्या, दोन टप्प्यांत नऊ-नऊ. पाऊल ठेवायला दहा इंच, मध्ये तीन फुटांची लँडिंग, चढायच्या आधी तीन फूट मोकळं. सगळं मिळून साधारण साडेसहा फूट रुंद आणि पावणेतेरा फूट लांब, ८० फुटांच्या वर. नकाशात दहा फुटांत जिना कोंबलेला दिसला की समजा, मिस्त्री जागेवर पायरी साडेआठ इंचाची करणार आणि आजीचं वर जाणं बंद होणार.

पुढे वर भाडेकरू ठेवायचा विचार असेल तर जिना बाहेरून घ्यायचा की आतून, हे आजच ठरवा. हा निर्णय नंतर फिरवता येत नाही.

कागद आणि कर्ज, थोडक्यात

नागपुरात ५७२ आणि १९०० लेआउटची, म्हणजे मंजुरीविना पडलेल्या लेआउटची, भानगड माहीत नसलेला माणूस विरळा. असे प्लॉट नियमित करण्याचा गुंठेवारी कायदा २००१ चा. प्लॉटचं नियमितीकरण झालं का, डिमांड (त्यासाठीचं शुल्क) भरली का, आरएल (नियमितीकरणाचं पत्र) कोणाच्या नावानं आहे, हे रजिस्ट्रीच्या आधी पाहा. डिमांड बाकी असेल तर ती बजेटमध्ये पहिल्या ओळीला. सरकारी मोजणी करून घ्या. कागदावर ३० फूट आणि जागेवर २८ निघाले तर अख्खा नकाशा हलतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, पण "देऊ शकते" म्हणजे देईलच असं नाही. शिवाय बँकेचा पैसा कामाच्या मागून येतो. जोतं झालं की एक हप्ता, स्लॅब झाला की दुसरा. मधल्या काळात लोहा, सिमेंट, मजुरी तुमच्याच पैशांतून. तेवढी रोकड हाताशी नसेल तर काम थांबतं आणि थांबलेल्या कामाला मिस्त्री परत मिळणं कठीण. एकूण खर्चाच्या १० ते १५ टक्के रक्कम कशालाच न धरता बाजूला ठेवा.

कामाचा मुहूर्त दसरा-दिवाळीनंतरचा बरा. पावसाळ्यात काळ्या मातीचे खड्डे ढासळतात, नदीतला रेतीचा उपसा बंद असतो आणि भाव चढतो. स्लॅब एप्रिल-मे मध्ये आलाच तर पाण्याची सोय आधी करा. काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेल्या) सिमेंटला १० दिवस पाणी मारायला सांगितलं आहे; कोरड्या, कडक उन्हात अनुक्रमे १० आणि १४. हल्ली साइटवर बहुधा मिश्र सिमेंटच येतं, म्हणून १४ दिवस धरा.

अर्ध्यात पैसे संपत आले तर

थांबवता येण्यासारखं: पीओपी, कपाटं, मोठं गेट, पोर्चमधल्या टाइल्स, समोरची एलिव्हेशनची नक्षी, एखाद्या खोलीचा रंग. हे सगळं राहायला गेल्यावरही होतं. वायरिंग, पाण्याचे पाईप, बाथरूम आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग, अर्थिंग यांत काटकसर करू नका. बेडरूममध्ये एसी आज नको असला तरी त्याची वायर आणि पाण्याचा पाईप भिंतीत टाकून घ्या.

पहिला मजला नंतर बांधायचा ठरलं तर कॉलमच्या सळया गच्चीवर उघड्या राहतात. पाच वर्षांच्या पावसात त्या गंजतात, आणि पुढे इंजिनिअर त्यावर भार टाकायला तयार होत नाही. सळयांना सिमेंटचं दूध लावून हलक्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवा. कपडे वाळवायची दोरी सळयांना न बांधता तिच्यासाठी गच्चीत वेगळे हूक लावून घ्या.