रिस्टोअर केलेल्या आरएक्स १००चा मागचा ब्रेक जाम होतो तेव्हा

पावडर कोटिंग (भट्टीत पक्का केलेला रंग) झालं, ब्रेकचे नवे शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे तुकडे) बसले, आणि पाच-सहा किलोमीटरवर यामाहा आरएक्स १०० जड ओढू लागली. मागचं चाक हाताने फिरत नाही, ड्रमवर (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्यावर) टाकलेला पाण्याचा थेंब चुर्र करतो. अशा वेळी बहुतेक जण आधी शू घासायला घेतात. ते करू नका. अडकलंय कुठे ते आधी बघा.

गाडी डबल स्टँडवर घ्या आणि ब्रेक रॉडच्या टोकाचा नट पूर्ण सैल करा. चाक सुटलं तर दोष पेडलकडे आहे: पेडलच्या शाफ्टवर रंगाचा थर बसलाय, परतीची स्प्रिंग ढिली आहे, किंवा नटच जास्त आवळलाय. नाही सुटलं तर ब्रेक प्लेटवरचा (ड्रमचं तोंड झाकणाऱ्या, शू धरणाऱ्या तबकडीवरचा) लिव्हर हाताने मागे ढकला. तो गच्च असेल आणि ढकलल्यावर चाक मोकळं होत असेल, तर कॅम (लिव्हरसोबत फिरून शू बाहेर ढकलणारा दांडा) जाम आहे. लिव्हर मोकळा असूनही चाक अडत असेल तर एक्सलचा नट थोडा ढिला करून पाहा. त्याने चाक फिरलं तर ब्रेकचा काही संबंध नाही; हबमधला (चाकाच्या मध्यभागातला) दोन बेअरिंगांमधला स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी नळी, राहून गेलाय किंवा आखूड बसलाय, म्हणून नट आवळताच बेअरिंग दाबली जातात.

रिस्टोअर केलेल्या गाडीत कॅमचाच दोष जास्त सापडतो. प्लेट कोटिंगला देताना कॅमचं भोक झाकलेलं नसतं, आत थर चढतो, आणि कारागीर कॅम ठोकून बसवतो. थंड असताना तो कसाबसा फिरतो. गरम झाला की परत येत नाही.

लिव्हर काढण्यापूर्वी लिव्हर आणि कॅमवर पंचने समोरासमोर खूण करा. कॅम हातोडीने थेट ठोकू नका, मधे लाकडाचा तुकडा धरा. भोकातला रंग गुंडाळलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, कॅमचा दांडाही त्यानेच चकचकीत करा. कॅम दोन बोटांनी फिरला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. डुगडुगला तर कॅम किंवा प्लेट बदला. दांड्यावर, कॅमच्या तोंडावर आणि शूच्या पिनवर उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या, जादा पुसून घ्या. ग्रीस लायनरवर (शूच्या घासणाऱ्या थरावर) गेलं की तो शू बाद. जुन्या लायनरची धूळ कंप्रेसरने उडवू नका, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

चाक बसवताना प्लेटचा टेन्शन बार (प्लेट चाकासोबत फिरू न देणारी पट्टी) आधी जोडा, मग पेडल जोरात दाबून धरा आणि तसंच धरून एक्सलचा नट आवळा. त्याने शू ड्रमच्या मध्यावर येतात. हे टाळल्याने एकच शू घासत राहिलेल्या गाड्या खूप दिसतात. स्प्लिट पिन नवीच टाका.

पेडलची मोकळी चाल २० ते ३० मिमी ठेवा, आणि ती कुणाला तरी सीटवर बसवून पुन्हा मोजा, कारण सस्पेन्शन दबलं की चाल बदलते. चेन ताणताना चाक मागे सरकतं आणि रॉड आपोआप ओढला जातो. म्हणून चेनला हात लावला की ब्रेकचा नटही त्याच वेळी तपासा.