पानापासून बिगोनिया, पुण्याच्या गॅलरीत

बिगोनिया उन्हाने मरतो असं सगळे म्हणतात. माझे तिन्ही पाण्याने मेले. रोज सकाळी मायेने तांब्याभर ओतत होते, आणि आठवडाभरात खोड बुडाशी मऊ पडून आडवं झालं.

पावसाळ्यात लोणावळ्याकडच्या कातळावर रानातला गुलाबी बिगोनिया बघा. मूठभर माती, वर सतत ओल, पण पाणी टेकायला जागा नाही. कुंडीत तेवढंच साधायचं.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात भुलून रोप आणू नका, पुढे लगेच उन्हाळा येतो. जून-जुलैत आणा. उथळ कुंडी घ्या, तळाला भोकं हवीतच. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), उरलेल्यात गांडूळखत आणि जाडसर वाळू. पूर्वेची गॅलरी उत्तम. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं पान जाळतं. बोट पेरभर खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी, तेही मातीला. पानं भिजत राहिली की डाग पडून कुजतात.

आता गंमत. रंगीत पानांचा रेक्स बिगोनिया असेल तर एका पानातून चार-पाच रोपं निघतात. तयार पान देठासकट तोडा, उलटं करा, जाड शिरांवर ब्लेडने पाच-सहा चिरा द्या. चिरा खाली ठेवून ओलसर कोकोपीटवर पसरा. पान उचललं जाऊ नये म्हणून वर दोन खडे. पारदर्शक डब्याचं झाकण लावून सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात चिरांपाशी नखाएवढी पानं फुटतात. ती दोन-तीन पानांची झाली की वेगळी करा. बारमाही फुलणारा मेणपानांचा बिगोनिया मात्र फांदीनेच लावा.

नाव विचाराल तर ते फ्रेंच आहे. वेस्ट इंडीजमध्ये वनस्पती शोधत हिंडणारा शार्ल प्लुमिए हा धर्मोपदेशक. त्याने आपला आश्रयदाता, तिथला पूर्वीचा फ्रेंच कारभारी मिशेल बेगाँ याचं नाव या झाडाला दिलं. १७५३ साली वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने तेच कायम केलं. प्लुमिएचं स्वतःचं नाव कुठे गेलं? आपल्या देवळापुढच्या चाफ्याला: प्लुमेरिया. कारभाऱ्यापेक्षा त्याला बरं झाड मिळालं, असं मला वाटतं. चाफ्याला निदान पाण्याची काळजी तरी नाही.

मार्चपासून कुंडी गॅलरीत आत, भिंतीकडे सरकवा आणि खाली ओल्या खड्यांची थाळी ठेवा. कुंडीचं बूड मात्र पाण्याला लागता कामा नये.