मूठ वळते, पण कप सुटतो

फिजिओथेरपीला नुकतेच आलेले बरेच जण मला विचारतात, न्यूरोच्या (मेंदू आणि नसांच्या विभागातल्या) पोस्टिंगआधी काय वाचून जायचं. माझं उत्तर एकच असतं: स्पर्श. ताकद तपासायला सगळेच शिकतात. स्पर्श तपासायचा राहून जातो, माझाही राहिला होता.

इंटर्नशिपमध्ये ठाण्यातल्या एका रुग्णालयात माझ्याकडे एक आजी होत्या. डाव्या मेंदूला पक्षाघाताचा झटका आलेला, त्यामुळे उजवी बाजू गेलेली. दीड महिन्यात हात छान सुधारला. मूठ वळायची, कोपर सरळ व्हायचं, मी खूश होते. एका दुपारी सुनेने थर्मासमधला चहा दिला. आजींनी कप उजव्या हातात घेतला, माझ्याशी बोलायला मान वळवली आणि कप सुटला. चहा मांडीवर सांडला. "हातात कप होता हेच कळलं नाही गं," त्या म्हणाल्या.

मी फाइल उघडली. पहिल्या दिवशी मीच लिहिलं होतं, 'संवेदना ठीक'. कापूस फिरवत "लागतंय का?" विचारलं होतं आणि त्या दर वेळी "हो" म्हणाल्या होत्या. डोळे उघडे होते, कापूस दिसत होता.

त्या रात्री मी पुन्हा मुळापासून वाचायला बसले. बोटाच्या टोकाशी त्वचेत वेगवेगळे ग्राहक, म्हणजे स्पर्श टिपणारे सूक्ष्म अवयव, असतात: मर्केलचे दाब आणि कडा टिपतात, माइसनरचे वस्तू निसटायला लागली की लगेच जागे होतात, पॅसिनीचे कंपन पकडतात. कप धरून ठेवायला हे निसटणं कळावंच लागतं. तिथून निघालेला निरोप तीन पेशींत मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो. यातली पहिली पेशी बघा. पायाच्या अंगठ्यापासून लंबमज्जेपर्यंत (मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूच्या वरचा भाग) एकच तंतू, मध्ये कुठेही जोड नाही. मला आजही हे वाचताना थांबावंसं वाटतं.

बाजू बदलण्यात मुलं हमखास गोंधळतात. ठाणे स्टेशन डोळ्यांसमोर आणा. वेदना आणि तापमान यांचा प्रवासी गाडीतून उतरल्या उतरल्या पूल चढून पलीकडे जातो, म्हणजे मज्जारज्जूतच बाजू बदलतो. सूक्ष्म स्पर्श आणि सांध्यांची जाण त्याच बाजूने थेट वर जातात आणि लंबमज्जेत पोचल्यावर पलीकडे वळतात. पुढे दोन्ही थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आतल्या निरोप पुढे पाठवणाऱ्या केंद्रात, भेटतात. तिथून मेंदूच्या पृष्ठभागावर, पार्श्वखंडाच्या (पॅरायटल लोब) पुढच्या पट्टीत. या पट्टीवरचा शरीराचा नकाशा मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी 1937 मध्ये मांडला. त्यात ओठ आणि बोटं अवाढव्य, पाठ जेमतेम.

आता आजींकडे परत. त्यांच्या बोटातले ग्राहक शाबूत होते, नसाही शाबूत होत्या. निरोप वर पोचून वाचला जात नव्हता. घरचे मात्र "शीर दबलीय" म्हणून रोज तेल चोळत होते. मालिशने बरं वाटतं, त्यांना रागावू नका. पण आपण नुसतं चोळून घेतलं की मेंदूला ओळखण्याचं काम मिळत नाही, हे शांतपणे सांगा.

रुग्णाची भाषा नीट ऐका. "हात जड झालाय" हे कमजोरीलाही म्हणतात आणि बधिरपणालाही. "मुंग्या येतात" आणि "आग होते" हे एक नाही. थॅलॅमसच्या झटक्यानंतर काहींना चादर लागली तरी भाजल्यासारखं होतं. देजेरीन आणि रूसी या फ्रेंच डॉक्टरांनी ते 1906 मध्येच नोंदवलं होतं. अशा हातावर ब्रश घासत बसू नका, डॉक्टरांना कळवा.

तपासताना डोळे बंद करून घ्या. "लागतंय का" ऐवजी "कुठे लागलं" विचारा. मधूनच स्पर्श न करताही विचारा. अंगठा वर-खाली हलवून दिशा विचारा. मग दोन्ही हातांना एकाच वेळी स्पर्श करा. एकेकट्याला बरोबर सांगणारा माणूस दोन्हीकडे एकदम शिवल्यावर कधी कधी एकच बाजू सांगतो. शेवटी हातात किल्ली, नाणं, बटण द्या. यासाठी महागडं साहित्य लागत नाही, माझ्या पिशवीत एक जुना पाउच आहे तेवढाच.

संवेदना कमी असेल तर पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगा: आंघोळीचं पाणी चांगल्या हाताने बघायचं, तव्याजवळ एकटं सोडायचं नाही, चप्पल पायातून निसटली तरी कळणार नाही म्हणून मागे पट्टा असलेली घ्यायची.

आजींसाठी आम्ही राजम्याच्या डब्यात वस्तू लपवल्या. आधी डोळे मिटून शोधायचं, मग उघडून बघायचं, मग पुन्हा मिटून. चुकलं की चांगल्या हाताने तीच वस्तू चाचपायची आणि फरक बोलून दाखवायचा. सून रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं बसायची. सुरुवातीला आजी चिडायच्या, कारण सगळंच "गोल काहीतरी" असायचं.

माझी पोस्टिंग संपली तेव्हा रुपया आणि दोन रुपये यांत त्या अजून चुकत होत्या. सेफ्टी पिन मात्र त्यांनी डोळे मिटून बाहेर काढली, उघडली, आणि त्याच हाताने पदराला लावली.