कुत्रा जेवत नाहीये? चिकन उकळायच्या आधी हे बघा

कुत्र्याने वाटी हुंगून सोडली की घरात लगेच चिकन उकळायला टाकतात, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. आधी एवढंच ओळखायचं, त्याला हे खायचं नाहीये, की खाता येत नाहीये, की भूकच नाहीये.

'हे नको' वाले सगळ्यात जास्त. सकाळी आजीची पोळी, बाबांच्या चहासोबत मारी बिस्कीट, मुलं टेबलाखालून काय काय सरकवतात ते वेगळंच, मग रात्री ड्राय फूडला तो तोंड कशाला लावेल. वाटी 15-20 मिनिटं ठेवा, नाही खाल्लं तर उचला, पुढच्या वेळेपर्यंत मधे काही नाही (खरं ट्रेनिंग आजीला द्यावं लागतं). पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी पण चेक करा, दमट हवेत ते खवट होतं आणि आपल्या आधी त्याला कळतं. कडक उन्हाळ्यात खाणं कमी होतंच, तेव्हा पहाटे आणि रात्री उशिरा द्या.

वाटीकडे धावत येतो पण घास उचलून खाली टाकतो, एकाच बाजूने चावतो, तोंडाला घाण वास येतो, तर दात-हिरड्या बघा, कधीकधी हाडाचा तुकडा टाळूत अडकलेला असतो.

आणि आवडीचं चिकनसुद्धा नको म्हणत असेल, पडूनच असेल, तर आपल्याकडे पहिला संशय गोचीड तापाचा. कानात, बोटांच्या बेचक्यात, काखेत नीट बघा, पण गोचीड सापडली नाही म्हणून निर्धास्त राहू नका, ती चावून गेल्यावर काही आठवड्यांनी पण ताप येतो. हिरड्या फिक्या, नाकातून रक्त, लघवी गडद, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर आणि रक्ताची तपासणी. नाक गरम-थंड यावर जाऊ नका, थर्मामीटर लावा, 101 ते 102.5 फॅरनहाइट त्यांचं नॉर्मलच असतं. आणि प्लीज, घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, त्यांना ती विषारी ठरू शकते.

मोठा कुत्रा खेळतोय, पाणी पितोय, तर एक दिवस वाट बघितली तर चालतं. पिल्लाच्या बाबतीत अजिबात नाही, त्यात उलट्या-जुलाब असतील तर पार्व्हो (पिल्लांना होणारा जीवघेणा व्हायरल आजार) असू शकतो. नसबंदीचं ऑपरेशन न झालेली मादी हीट (माजावर येण्याचा काळ) संपल्यावर महिना-दोन महिन्यांत जेवण सोडून खूप पाणी प्यायला लागली तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, ती इमर्जन्सीच. डॉक्टरकडे जाताना शेवटचं कधी आणि काय खाल्लं ते लिहून न्या, शी-उलटीचा फोटो पण काढा, लाजू नका.