मूल रंग जुळवतं, पण नाव चुकीचं सांगतं: आम्हाला लागू पडलेला उपाय

लक्षण असं: साडेतीन वर्षांची लेक लाल चिमटे लाल डब्यात बरोबर टाकायची, पण "हा कुठला रंग?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "पिवळा". भिंतीवरचा तक्ता, मोबाइलवरची गाणी, रंगवायची पुस्तकं, कशानेच फरक पडेना. फार वैताग आला होता.

शेवटी कामी आलं चादरीच्या कारखान्यातलं उरलेलं सूत. सोलापुरात ते सहज मिळतं.

आधी लाल आणि निळं, एवढेच दोन रंग. जाडी सारखी, तुकडे वीतभर (लांब दोरा गळ्याला अडकू शकतो), म्हणजे फरक फक्त रंगाचा उरतो. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांना काठावर खाचा पाडून एकीवर लाल, दुसरीवर निळा ठिपका दिला. तिनं त्या-त्या रंगाचं सूत खाचांत अडकवून गुंडाळायचं. तेव्हा मी म्हणायचे, "हे सूत लाल आहे." वस्तू आधी, रंग नंतर, मानसशास्त्रज्ञ मायकेल रॅम्सकार यांच्या 2010 च्या अभ्यासात हाच क्रम मुलांना सोपा गेला होता.

ते जमल्यावर "लाल दे", "निळं दे". त्यातही चूक होईनाशी झाली, तेव्हाच "हे कुठल्या रंगाचं?" विचारायचे. आधी नाव सांगणं, मग मागणं, शेवटी विचारणं, हाच माँटेसरी शिक्षणपद्धतीतला तीन टप्प्यांचा धडा. चुकलं तर "नाही" न म्हणता एक टप्पा मागे. दोन्ही नावं पक्की झाल्यावर पिवळं आणलं. मग टॉवेल, मिरची, बादली यांवर तेच प्रश्न.

मुळात जुळवणंच चुकत असेल, तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा दोष मुलग्यांत जास्त आढळतो.